सासऱ्यांचं पुठ्ठ्याचं घर

माझ्या सासऱ्यांचं घर मी दीड महिन्यात बांधलं. पुठ्ठ्याचं.

साल चौऱ्याहत्तर असेल. सोलापुरात एका सरकारी कचेरीत मी नकाशे काढायचो. सासरे, म्हणजे अण्णा, बार्शीकडच्या एका खेड्यात राहायचे आणि त्यांची एकसष्टी जवळ आली होती. मी त्यांचा चौथा आणि सगळ्यात धाकटा जावई. थोरले तिघं धोतरजोडी नेणार, हे नक्की होतं. मी ठरवलं की आपण असं काही न्यायचं, की ती तिन्ही धोतरं कुणाच्या लक्षातसुद्धा राहू नयेत!

चादरीच्या दुकानातून खोकी आणली. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घातलं. (कुसुमनं, म्हणजे बायकोनं, ते पातेलं पुन्हा कधी घरात घेतलं नाही.) बाहेरच्या भिंतींवर पेन्सिलीनं एकेक दगड काढला. कोटाच्या दोन बटणांचं जातं केलं. माळवद, म्हणजे तिकडच्या घरांचं सपाट मातीचं छत, वरच्या वर उचलता येईल असं बसवलं, आणि त्यावर खरी माती चाळून चिकटवली. कचेरीत बसून मी घड्याळाकडे बघायचो, आणि सुटल्यावर सायकल अशी हाणायचो की शेजारच्यांना वाटायचं, घरी कुणी आजारी आहे.

अडचण एकच होती. जावई सासुरवाडीत पुढच्या सोप्यात बसतो, जेवतो आणि परत येतो. आत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. ते कुसुमनं सांगायचं आणि मी कापायचं. ती म्हणाली, आमच्या आणि तात्यांच्या स्वयंपाकघरांत मधलं दार होतं, आम्ही पोरं त्यातून दिवसभर पळायचो. तात्या हा अण्णांचा धाकटा भाऊ. दार म्हटल्याबरोबर मला कापडी बिजागरी सुचली, आणि मी कात्री शोधायला उठलो. ती पुढंही काहीतरी सांगत होती. मी म्हणालो, "कळलं मला."

कळलं काहीच नव्हतं.

कुसुम तयारीसाठी आधीच माहेरी गेली होती, म्हणून एसटीत दोन तास ते घर मी एकटाच मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या म्हातारीनं फडकं जरा वर करून बघितलं, हात जोडले आणि कुठला देव म्हणून विचारलं. मी सासऱ्यांचं घर म्हणून सांगितलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

जेवणाआधी सोप्यात शंभरेक माणसं जमली होती. मी फडकं काढलं तेव्हा सगळे पुढं सरकले. अण्णांनी स्वतःच्या उंबऱ्यावरून बोट फिरवलं, आणि थोरल्या जावयांचे चेहरे बघून मला जे सुख झालं ते मी लपवलं नाही. मग मी जादूगारासारखं माळवद उचललं, आणि करंगळीनं मधलं दार उघडून दाखवलं.

पुढं सरकलेले सगळे मागं सरकले.

कुसुम पुढं जे सांगत होती ते मला तिथं, सगळ्यांदेखत समजलं. दोघा भावांचं सहा वर्षांपूर्वी माळवदाच्या पन्हळीवरून वाजलं होतं. अण्णांच्या बाजूचं पावसाचं पाणी तात्यांच्या अंगणात पडतं, एवढंच कारण. तेव्हापासून ते दार दगडमातीनं बुजवलेलं होतं, आणि भाऊ भावाशी बोलत नव्हता. आज एकसष्टीलासुद्धा तात्या भिंतीपलीकडे आपल्या घरात बसून होते.

बातमी पलीकडे जायला पाच मिनिटं लागली. जाताना ती वाढली. जावयानं तात्यांची भिंत पाडली, अशी ती पोचली.

तात्या आले. सहा वर्षांनी त्या सोप्यात त्यांचं पाऊल पडत होतं आणि ते काही शुभेच्छा द्यायला आले नव्हते. वाकून त्यांनी आत बघितलं.

"दार कुणी उघडलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "म्हणजे, भिंत घालायची राहिली."

तात्या आत बोट दाखवत म्हणाले, "चूल अशी नव्हती. आईची चूल ह्या कोपऱ्यात हुती."

अण्णा माझ्याकडेच बघून म्हणाले, "व्हय. आन् जिना उजवीकडं न्हाय, डावीकडं हाय."

"पायऱ्या तरी मोजायच्या. धाच केल्यात."

"अकरा हायत्या."

"बारा हायत्या, अण्णा," तात्या म्हणाले.

आपण एकमेकांशी बोललो हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. पण तोवर पायऱ्यांचा प्रश्न इतका पेटला होता की मागं फिरणं दोघांनाही शक्य नव्हतं. दोघं जिन्याकडे निघाले. मागोमाग सगळी एकसष्टी उठली! जिना चढत पायऱ्या मोजल्या, बारा भरल्या. वर गेल्यावर पन्हळ बघितली. ती तर मी पुठ्ठ्याच्या घराला भलत्याच बाजूला लावली होती. पाणी कुठं पडतं हे मला कळावं म्हणून अण्णांनी कळशी मागवली आणि वरून ओतली. खाली जागा दाखवायला तात्या उभे होते. ते डोक्यापासून भिजले.

तात्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि वर बघून शांतपणे म्हणाले, "बगितलं न्हवं जावईबापू? सहा वर्सं मी ह्येच सांगतोय."

अण्णा वरून म्हणाले, "लईच पडतंय की रं."

तात्यांना कोरडं धोतर हवं होतं. थोरल्या जावयांनी आणलेल्यातलं एक कामी आलं, आणि तेच नेसून ते अण्णांच्या शेजारी पंगतीला बसले. जेवणभर दोघं मिळून माझ्या चुका मोजत होते. चौदा निघाल्या. पुढच्या उन्हाळ्यात पन्हळ फिरवली आणि दार मोकळं केलं, असं कुसुमला पत्र आलं.

दोन वर्षांनी सोलापुरात मी स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या. नकाशा अर्थातच माझा. वास्तुशांतीला दोघे भाऊ जोडीनं आले. दारात थांबून तात्यांनी कुसुमला हळूच विचारलं, नकाशा कुणी काढला. तिनं अभिमानानं माझं नाव सांगितलं.

दोघं बाहेर लिंबाखाली जेवले आणि तिथंच पथारी टाकून पडले. आत लई उकडतंय म्हणाले. मार्गशीर्ष महिना होता.