नऊ जणांची अंघोळ

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगते. फजिती माझीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही, तेव्हा संकोच नको.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात गेले. मुलगा-सून पनवेलला राहायला गेली आणि किहीमच्या घरात उरलो आम्ही दोघं. तेवढ्यात अलिबागच्या एका कॉलेजात स्त्री-अभ्यासाचा वर्षाचा अभ्यासक्रम निघाला. मी हरिहरेश्वराला अभिषेक बोलले आणि नाव घातलं. आमचे हे न्हावा शेव्याच्या बंदरातून लवकर निवृत्ती घेऊन घरी बसलेले. म्हणाले, "जा की! पण एकदा नापास झालीस की विषय संपला हं!"

पहिलाच प्रकल्प आला घरकामाच्या पाहणीचा. छापील तक्ता, आपल्याच घराचा भरायचा. माझे तेव्हा सोळा सोमवार चालू होते. व्रतात खोटं बोलायचं नाही, मग लिहायचं तरी कसं? मी एकूण एक उत्तर खरं लिहिलं.

'तुम्हाला अंघोळ घालावी लागते, जेवण भरवावं लागतं, कपडे करावे लागतात, असे घरात किती?'

नऊ.

'वय?' नक्की माहीत नाही. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा होतेच.

'हालचाल?' ठेवू तिथे असतात.

'बोलतात का?' अजून तरी नाही.

आता सांगा, यात चुकलं कुठे? आमच्या देव्हाऱ्यात नऊ देव आहेत. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंड, पाच टाक, सगळे मिळून नऊ. रोज त्यांना मीच अंघोळ घालते, थंडीत तर कोमट पाण्याने. नैवेद्य मी दाखवते, वस्त्रं मी नेसवते. दीड तास जातो हो! मग हे काम नाही?

पुढच्या तासाला मॅडमनी मला फळ्यापाशी उभं केलं. मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज मात्र भरून आलेला. "सुनंदाताई, इतके दिवस एका शब्दाने बोलला नाहीत!"

मला वाटलं, बाई भाविक दिसतात.

वर्गातली प्राजक्ता, तिथल्याच कोळ्यांची पोर, डोळे मोठे करून म्हणाली, "काकू, नव जनांची आंघोल तुमी एकल्याच घालता?"

"एकटीच. महिन्यातले चार दिवस मात्र मी हात लावत नाही. तेव्हा हे बघतात."

"काका घालतात आंघोल?"

"छे गं! नुसतं पाणी शिंपडतात."

वर्गात 'अरे देवा' झालं.

"आणि जेवण?" मॅडमनी विचारलं.

"पुढ्यात चिमूटभर साखर ठेवतात. त्यांना काय, तेवढं पुरतं."

मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. मॅडमनी चष्मा पुसला. "कधी कंटाळा येत नाही?"

"कंटाळा कसला? माझी तर इच्छा आहे, माझ्यानंतर सुनेनेही असंच करावं."

मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून खाली दोन रेघा मारल्या. सोमवारी सगळ्यांनी माझ्या घरी यायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. दर्शनाला येतायत म्हणून मी हरखले. पहाटे उठून देव चिंचेने लख्ख घासले, शिरा केला.

अकराला दारात गाडी थांबली. आधी उतरली चाकाची खुर्ची, कुठल्याशा दवाखान्यातून मागून आणलेली. मग मऊ भाताचा डबा. मग मोठ्या माणसांच्या डायपरचे दोन गठ्ठे!

दर्शनाला कुणी हे आणतं का हो? पण शहरातल्या चालीरीती, आपण काय बोलायचं?

मॅडमनी हळूच विचारलं, "झोपलेत का सगळे?"

"नाही, आत्ताच अंघोळ झाली. पाय धुवून आत या."

प्राजक्ता पुढे गेली. आत डोकावली आणि तशीच मागे वळली. "मॅडम, आत मानूस कोनीच न्हाय. देव हायत."

शेजारच्या वाडीत नारळ पडला तो आवाज स्पष्ट ऐकू आला. मग पोरी जमिनीवर बसून हसल्या. आमचे हे ओटीवर त्या चाकाच्या खुर्चीत बसून एक चक्कर मारून आले.

मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्यांनी माझा तक्ता उघडला. "हा शेवटचा प्रश्न. 'तुमची काळजी कोण घेतं?' तुम्ही लिहिलंत, 'वरील नऊ जण.' मला वाटलं, काय बोचरा उपरोध आहे! त्याचे पाच गुण जास्त दिलेत मी. ते काढले तर तुम्ही नापास होता. उपरोधच होता ना, ताई?"

प्राजक्ताने मला चिमटा काढला. "व्हय बोला, काकू!"

ह्यांनी खुर्ची थांबवून कान टवकारले. मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. त्यात सोमवार! "नाही हो मॅडम," मी म्हटलं, "खरंच तेच घेतात."

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि कोरा तक्ता पुढे केला. "आत्ता इथे बसून भरा. देव सोडून."

मी भरला. अंघोळ, जेवण, कपडे, असे घरात किती? शून्य. अभिमानाने परत दिला.

तेवढ्यात ओटीवरून हाक आली, "अगं, अंघोळीचं पाणी काढलंस का? आणि टॉवेल कुठाय? बनियन पण दे!"

"आले हो!" म्हणत मी उठलेसुद्धा.

टॉवेल देऊन परत येते तो मॅडमनी माझं शून्य खोडून तिथे 'एक' लिहिलं होतं. खाली शेरा मारला होता, 'निरीक्षण संशोधकाच्या उपस्थितीत.' आणि त्या एकाच्या जोरावर मला पास केलं.

म्हणजे बघा, नऊ देवांनी मला नापास केलं आणि नापास होण्याची वाट बघणाऱ्या ह्यांनी पास!

बोलल्याप्रमाणे हरिहरेश्वराला जाऊन अभिषेक करून आलो. दिवसभराच्या प्रवासाने हे फार दमले होते हो. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी आधी त्यांच्या अंघोळीचं पाणी काढलं.

कोमट.