गावपळणीतली घरतपासणी

कोर्टात विश्वास कोणावर ठेवायचा, सांगा बघू? काजूच्या दुकानात चाळीस वर्षं बसलो, तिथं जमले नाहीत इतके किस्से मला कोर्टाच्या बाकावर दोन वर्षांत जमले.

माझा मुलगा नितीन आणि सूनबाई वेगळे झाले. सात वर्षांची सई आईकडे, कुडाळला. बापाकडे तिनं किती राहावं हे ठरवायला कोर्टानं समुपदेशक मॅडम नेमल्या. त्या घाटावरून नव्या आलेल्या, आणि घर बघायला आल्या नेमक्या गावपळणीत. देवाचा कौल झाला की तीन दिवस माणसं, गुरं, कोंबड्या, सगळा गाव वेशीबाहेर. घराला कुलूप, आम्ही नदीपलीकडे झावळ्यांच्या खोपीत.

"तुमचं घर कुठंय?"

नितीन म्हणाला, "आहे, पण आज जाता येत नाही."

अहवालात आलं : वडिलांना पक्कं घर नाही. भेट महिन्याला एक तास, तीही कोर्टातच.

*

मी सातवी शिकलेला. पण कायद्याची पुस्तकं आणून वाचली आणि अहवालावरची हरकत स्वतः लिहिली. अकरा पानं.

आमचे डिसोझा वकील वाचून म्हणाले, "काका, ह्येच्यात मॅडमक शिव्ये किती आणि मुद्दे किती?"

"मुद्दो एकच आसा."

"मग तेवढोच ठेवूया."

*

भेटीच्या खोलीत फक्त बापाला प्रवेश. मी बाहेर बाकावर. दाराखालच्या फटीतून सईच्या चपला तेवढ्या दिसत. आधी निळ्या होत्या. मग लाल आल्या, एक नंबर मोठ्या.

*

उलटतपासणीत डिसोझांनी मॅडमना विचारलं, "गावात उघडी घरं किती दिसली?"

"एकही नाही."

"मग सगळा गाव बेघर?"

मॅडम सरळ बाई. म्हणाल्या, "मला गावपळण माहीत नव्हती. यांनीही सांगितलं नाही."

न्यायाधीशांनी नितीनकडे पाहिलं. तो म्हणाला, "त्यांनी विचारलं नाही, साहेब." डिसोझांनी कपाळाला हात लावला.

मग साहेबांनी सूनबाईला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

तिला गप्प बसता आलं असतं. म्हणाली, "हो. आठ वर्षं त्या घरात नांदले मी. घर चांगलं आहे."

बाहेर आल्यावर मला तिला खूप काही सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "जेवलंस काय गो?"

"नाय," म्हणाली आणि स्कूटर काढून गेली.

*

मॅडम कोर्टाच्या हुकमानं पुन्हा आल्या, घर बघून गेल्या, आणि शिफारस बदलली. आता एक आड एक शनिवार-रविवार सई आमच्याकडे.

पहिल्या रविवारी संध्याकाळी आईची स्कूटर फाटकाशी थांबली. सईनं माझा हात धरला. "आबा, परत येवक किती रात्री?"

तिच्या बोटांवर मोजायला लागलो. दहा झाली, तिची बोटं संपली. मग माझी दोन घेतली, तेरावी रात्र गाळली. "बारा. झाल्या."

तिनं माझं तिसरं बोट धरलं. "आबा, ह्या बोट रवला. परत मोज. खरा मोज."