फरमेंटरमध्ये आधी कोण उतरणार

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीत केमिस्ट होतो. माणसाच्या जिवाची किंमत मला तिथं कळली, आणि तीही कोंबड्याच्या मापानं. काय बहार आली म्हणून सांगू!

मळी आंबवून झाली की फरमेंटरच्या, म्हणजे त्या उंच टाकीच्या, तळाशी यीस्टचा गाळ उरायचा. तो फावड्यानं ओढायला माणूस आत उतरवावा लागे. पण आंबताना निघालेला गॅस जड. टाकी रिकामी झाली तरी तो तळाशी दबा धरून बसतो. दोन श्वासांत माणूस आडवा! म्हणून आधी पंख्यानं हवा मारायची, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही.

त्या अमावस्येला पंखा जळलेला होता आणि मुकादमाला घाई होती. पाळी संपली की म्हसोबाला नवसाचा कोंबडा द्यायचा होता. कोंबडा त्याच्या लुनाला टोपलीत बांधलेला. तांबडा, तुरेबाज, व्याह्यासारखा फुगून बसलेला.

कंदील सोडला. विझला.

"वाऱ्यानं इझला," मुकादम म्हणाला.

"टाकीच्या तळाला वारा कुठनं आला?" मी विचारलं.

"सायेब, तुमी आपल्या बाटल्या हलवा." माझा हुकूम लॅबच्या दारापर्यंतच चालायचा, हे त्याला पक्कं ठाऊक. तो शाहूवाडीकडच्या रोजंदारीच्या गड्याकडे वळला. "उतर की रं! का बायकूला इचारून येतूस?"

सगळे खदखदून हसले. गडी शिडीला हात लावून उभाच. नको म्हणावं तर काम जाणार, उतरावं तर जीव.

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "मुकादम, हवा चांगली हाय न्हवं? मग तुमच्या कोंबड्याला आधी एक चक्कर मारून येऊ द्या की!"

"नवसाचा हाय त्यो! त्याला कायतरी झालं म्हंजे?"

"आणि ह्या गड्याला झालं म्हंजे?"

"मानसं काय, गेटावर उभीच हायती."

हसणारी तोंडं मिटली. दोघांनी मुकादमाचे दंड धरले, तिसऱ्यानं टोपली दोरीला बांधली. खाली जाताना कोंबडा एकदा आरवला. टाकीत काय घुमला आवाज! मग फडफड. मग काही नाही. वर काढला तेव्हा त्याची मान टोपलीबाहेर लोंबत होती.

मुकादम जमिनीवर फतकल मारून हमसून हमसून रडला. मी इतका सुखावलो की माझा रुमाल त्याला दिला. वापरलेलाच.

नाक पुसून तो उठला आणि गड्याला म्हणाला, "उद्यापास्नं येऊ नगंस. तुज्यापायी माजा द्येव कोपला."

मघाचे ते तिघं दोरी गुंडाळायला लागले. गड्यानं शिडीवरचा हात काढला, टोपलीत वाकून बघितलं.

"बरं मुकादम," तो म्हणाला, "मेलेला द्येवाला चालत न्हाय न्हवं? मग मी न्हिऊ का घरी?"