घोरपडे बाईंना किती गुण?

शिक्षकांच्या खोलीत किस्से खडूच्या भुकटीसारखे साठतात. कितीही झटका, बाहीवर थोडे उरतातच. आमच्या दांडिया बाजारातल्या शाळेत यंदाचे सगळे किस्से घोरपडे बाईंचे! त्या भूगोलाच्या, कॉन्ट्रॅक्टवर. सुट्टीआधी त्यांचं मूल्यमापन होणार आणि राहणार की जाणार, ते ठरणार होतं.

*

पहिला मान प्रिन्सिपल मॅडमच्या कॅमेऱ्याचा. त्यात चित्र दिसतं, आवाज नाही. अख्खी सातवी खिडकीशी गप्प उभी!

"तासाला काय करत होतात?" मॅडमनी मुलांना विचारलं.

"पृथ्वी फिरत होती, ती बघत होतो."

समोरच्या देवळाच्या कळसाची सावली आमच्या अंगणात पडते. मुलं तिच्या टोकाशी खडूची खूण करतात आणि ती सरकण्याची वाट बघतात. मॅडमचा शेरा: 'वेळेचा अपव्यय.' मला भयंकर राग आला.

*

मग आम्ही एकमेकांना गुण द्यायचं ठरलं. शहा सर चहा ढवळत म्हणाले, "तुम्ही मला दहा द्या, मी तुम्हाला दहा. व्यवहार चोख!"

सगळ्यांनी तसंच केलं. घोरपडे बाईंनी माझ्या नावापुढे आकडाच घातला नाही. लिहिलं, 'यांचा कवितेचा तास चालू असला की मी व्हरांड्यातून हळू चालते.' इतकं छान मला कुणीच कधी म्हटलं नव्हतं.

*

पालकांतून मॅडमकडे आले मोहिते, कोयलीच्या रिफायनरीतले, बोलण्यात गुजराती 'ने'.

"मॅडम, मार्कांचं जाऊ द्या ने! पोरगी विचारते, पप्पा, धूर शेवटी जातो कुठे? इतकी वर्षं नोकरी केली, मी वर बघितलंच नाही. आता शिफ्ट सुटली की स्कूटर थांबवून बघत बसतो. बायको म्हणते, बाईंची कंप्लेंट करा!"

"मग करताय?"

"केली ने, आत्ताच!"

*

शेवटी ट्रस्टी आले. निर्णय त्यांचाच. कडक माणूस, बूट चकचकीत. मुलं अंगणात सावलीभोवती बसलेली.

"आज काय शिकवलं बाईंनी?"

एका मुलीने त्यांच्या बुटाकडे बोट दाखवलं. सावलीचं टोक तिथे टेकलं होतं.

"सर, पाय हलवू नका हं!"

साहेब हलले नाहीत. सावली सावकाश बुटावर चढली. घंटा झाली, तरी कोणी उठलं नाही. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. साहेब निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यांची गाडी पुन्हा फाटकाशी थांबली. साहेब उतरले, कडेला बूट काढले आणि अंगणात येऊन हळूच म्हणाले,

"बाई, पृथ्वी कुठवर आली?"