खांदा धरणारी बहीण

औषधांच्या दुकानातल्या बाईंचा उजवा खांदा आखडला आणि वरच्या फळीवरची बाटली काढायला मालकांना उठावं लागलं. एकदा उठले, दोनदा उठले, मग म्हणाले, "बाई, थोडे दिवस घरी बसून आराम करा ना." बाईंना ते पटेना. घरी बसून करायचं काय, छताकडे बघायचं? दुकानात खोकणारी का होईना, माणसं तरी येत होती.

म्हणून त्या व्यायामशाळेत गेल्या. तिथले मास्तर माणूस बघून व्यायाम देणारे. ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याला अर्धीच बैठक, ज्याची पाठ धरते त्याला खुर्ची. बाईंना त्यांनी पाठीवर झोपवलं, कोपराखाली तळवा धरून हात अलगद वर नेला आणि खांदा अडला तिथेच थांबले. "याच्यापुढे ओढायचं नाही. रोज घरी कुणाला तरी असंच धरायला सांगा. कोण आहे घरी?"

बाजूला व्यायाम करणाऱ्या बायका कान टवकारून होत्या. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "बहीण आहे."

बहीण कसली नि काय. घरी त्यांनी कपाटाच्या वरच्या दांडीवरून दोरी टाकली, एक टोक उजव्या मनगटाला बांधलं आणि दुसरं डाव्या हातानं ओढायला लागल्या. कुठे थांबायचं हे दोरीला काय कळणार? आठवड्याभरात केस विंचरणंही जमेना.

"बहीण जोर लावते वाटतं," मास्तर म्हणाले.

"लहानपणापासून धसमुसळीच आहे ती," बाईंनी ठोकून दिलं. बायका हसल्या. मग येता-जाता कुणी ना कुणी विचारायचंच, काय म्हणते बहीण? बहीण चहात साखर फार घालते, दिवा चालू ठेवून झोपते, ऐकून म्हणून घेत नाही. सांगताना बाईंना रंग चढायचा. खांदा मात्र बिघडतच चालला.

शेवटी मास्तर वैतागले. "उद्या त्यांना घेऊनच या, मी शिकवतो कसं धरायचं ते. असंच चाललं तर हात वर जायचा नाही कधी."

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच आल्या, बाकीच्या बायका यायच्या आत. खाली बघत म्हणाल्या, "बहीण नाहीये. कोणीच नाहीये."

मास्तर म्हणाले, "चुकलंच माझं. खांदा बघितला आणि घरचं गृहीत धरलं." मग त्यांनी दुसराच व्यायाम दिला. भिंतीवर बोटं टेकवून ती हळूहळू वर चालवायची, दुखलं की तिथेच थांबायचं.

खांदा सुटत गेला. वरची बाटली हाताला यायला लागली आणि मालक पुन्हा आपल्या खुर्चीत निवांत बसले. बायकांनी बहिणीची चौकशी केली तेव्हा बाई म्हणाल्या, "गेली तिच्या घरी."

"परत कधी येणार?"

"आता नाही यायची."

घरी येऊन त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. हात सहज वर गेला, कुठेच दुखलं नाही, आणि बाईंना रडू फुटलं. कधी नसलेल्या बहिणीसाठी इतकं रडू येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.