दर वीस मिनिटांनी अप्पा

माणूस जिवंतपणी खुर्चीत कसा बसतो यावर त्याचं मेल्यानंतरचं सगळं अवलंबून असतं, असं मनापासून मानणारा एकच हेडक्लार्क या भूतलावर होऊन गेला, आणि नेमका तो माझ्या पाठीमागच्या टेबलावर बसायचा. सीमाभागातल्या राजेश्वर गावाच्या कडेला आमच्या शिक्षणसंस्थेचं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, तीन पंखे आणि दाखले मागणाऱ्या पालकांची रांग, एवढाच त्याचा संसार. तिथं अप्पांनी सारी नोकरी काढली. संस्थेचे अध्यक्षसुद्धा त्यांना अप्पाच म्हणत, आणि ऑफिसात शिरण्याआधी दारातच पाठ सरळ करून घेत.

अप्पांच्या पावलांना आवाज नव्हता. चपला दाराबाहेर काढून ते अनवाणी फिरत. आपण मान खाली घालून टाईप करत असावं, आणि एकाएकी मानेच्या खाली, मणक्यावर, शर्टावरून एक गार बोट टेकायचं. "नेट्टगे." कानडीत सरळ. एवढाच शब्द. मराठी टाईप करणाऱ्याला ते कानडीत दटावत आणि कानडी टाईप करणाऱ्याला मराठीत, कारण आपल्या भाषेत माणूस वाद घालतो असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा खुर्चीतून उडालो. पुढं पुढं बोट टेकायच्या आतच पाठ आपोआप ताठ व्हायला लागली. मागं वळून बघावं तर अप्पा कधी असत, कधी नसत.

त्यांचे नियम साधे होते, अंमलबजावणी भयंकर. स्क्रीन हातभर लांब हवा, म्हणून रोज सकाळी आम्ही तिघं खुर्चीत बसून हात पुढं करायचो आणि बोटांची टोकं काचेला टेकतात का ते अप्पा बघत जायचे. बाहेरच्या पालकांना वाटे, ऑफिसात कसली तरी शपथ चाललीय. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, म्हणून खाली जुन्या हजेरीपटांचे गठ्ठे. त्यातली बरीचशी पोरं आता आजोबा झालीत, काही तर राहिलीही नाहीत, आणि सगळी मिळून माझा स्क्रीन उचलून धरायची. आमच्या टायपिस्ट अक्कांचे पाय जमिनीला पोचत नसत, त्यांच्यासाठी अप्पांनी स्वतःच्या घरातला जेवणाचा पाट आणून दिला. डोळ्यांच्या बाबतीत तर त्यांचं बोलणं ऐकून अंगावर काटाच यायचा. "पापणी हलव," ते कानाशी येऊन सांगत. "पापणी न हलवता बघणारा एकच माणूस असतोय, अन् त्याला ऑफिसात काही काम नसतंय."

जागेवरून उठताना कॉम्प्युटर लॉक करायचा, हाही नियम. मी नवीन असताना एकदा जेवणाच्या सुट्टीत तसाच उघडा टाकून गेलो. परत आलो तर पांढऱ्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: तुमच्या खुर्चीवर कुणीतरी बसून गेलं. हात लावून बघितलं तर खुर्ची गरम होती. अप्पा आपल्या टेबलावर डबा खात होते, भाकरीवरून नजरही न उचलता. पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवली त्या दिवशी ती चिठ्ठी मला माझ्या शर्टाच्या खिशात सापडली. कधी घातली, कशी घातली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सगळ्यात अवघड नियम लांब बघण्याचा होता. दर वीस मिनिटांनी डोळे स्क्रीनवरून काढायचे आणि दिसेल तितकं लांबचं काहीतरी थोडा वेळ बघत राहायचं. आमच्या ऑफिसला खिडकी एकच. तिच्यातून दिसतं तुरीचं रान, आणि रानापलीकडं रुद्रभूमी, म्हणजे लिंगायत समाजाची माती द्यायची जागा, तिच्यात एक मोठा कडुलिंब. अप्पा घड्याळ बघून टेबलावर टिचकी मारत, आणि अप्पा धरून आम्ही चौघं दिवसभर, दर वीस मिनिटांनी, न बोलता तिकडं बघत बसायचो. अक्का एकदा वैतागल्या. "अप्पा, दुसरं काय तरी दाखवा की."

"दुसरं लांब काय हाय, अक्का?" अप्पा म्हणाले.

परीक्षेच्या फॉर्मांच्या दिवसांत माझी मान धरली. मी मान चोळत बसलेलो, तेवढ्यात अप्पांनी आपल्या पंच्याची गुंडाळी करून माझ्या कमरेमागं सरकवली आणि मला मागं रेटलं. छाती वर आली, डोकं आपोआप खांद्यांवर जाऊन बसलं. "दुखायलंय मानेत, पण चूक कमरेत हाय," ते म्हणाले. "मान धरायची न्हाई. कंबर धरायची." आणि त्या दिवशी पहिल्यांदा, तो पंचा परत न मागता, त्यांनी मला ह्या सगळ्या वेडाचं मूळ सांगितलं.

अप्पांच्या आधी जे हेडक्लार्क होते, त्यांनी अप्पांना काम शिकवलेलं. त्यांचा जन्म टाईपरायटरवर वाकण्यात गेला. ते गेले तेव्हा अप्पा ऐन विशीत होते. आमच्यात जाळतात, पण अप्पांच्या लोकांत माणसाला शेवटी बसवतात. मांडी घालून, हातात लिंग देऊन, जसा पूजेला बसला असेल तसा. "त्यांना बसवलं, पण मान राहीना," अप्पा सांगत होते. "सारखी पुढं पडायली. मीच धरलो होतो दोन्ही हातांनी. सोडलं की पडायची. शेवटी तसंच ठेवलं. अजून खालीच बघायलेत ते." बोलताना ते खिडकीतून बाहेर बघत होते, आणि वीस मिनिटं काही झाली नव्हती.

अप्पांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका दुपारी मी स्टोअरमधून परत आलो, तर अप्पा स्क्रीनवर पार ओणवे झालेले. अक्षरं दिसत नव्हती त्यांना. आम्हा सगळ्यांची अक्षरं मोठी करून देणारा माणूस, स्वतःची मोठी करायला लाजत होता. माझी चाहूल लागली तसे ते सरळ व्हायला गेले, पण मान काही पूर्ण वर आली नाही. मला भयंकर वाईट वाटलं. मी गुपचूप त्यांची अक्षरं मोठी केली.

"उशीर झालाय रे," ते म्हणाले. "एक काम करशील? मला बसवायच्या वेळी तू ये. माझी पोरं मान धरतेल. त्यांना कंबर कळत न्हाई."

"अप्पा, असलं कामून बोलायलाव?" मी हसण्यावारी नेलं.

"येतूस का न्हाई, तेवढं सांग."

"येतो," मी म्हणालो, विषय संपावा म्हणून.

निवृत्तीनंतर आठ महिन्यांत ते गेले. मी माझ्या गावाहून, मुडबीहून, पोचलो तेव्हा त्यांना ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर विभूती, गळ्यात हार, आणि हनुवटी छातीवर. दोन्ही मुलं दोन बाजूंनी मान धरून होती. सोडली की डोकं पुढं यायचं. कुणीतरी म्हणालं, कापडानं बांधा. विधीला आलेले स्वामी घाई करत होते. मला दिसत होतं, चूक कमरेत होती. पण परक्या जातीच्या, परक्या घरच्या माणसानं पुढं कसं व्हावं? मी ओसरीच्या पायरीशी उभा राहिलो. आणि मानेखाली, मणक्यावर, गार बोट टेकल्यासारखं झालं. मागं कुणी नव्हतं, मागं अंगण होतं.

मी पुढं गेलो. खांद्यावरचा पंचा गुंडाळला, त्यांचाच होता तो, आणि त्यांच्या कमरेमागं सरकवला. "मान सोडा," मी मुलांना म्हणालो. थोरला कचरला, मग त्यानं हात काढले. छाती वर आली, डोकं हळूच मागं गेलं आणि भिंतीला टेकून राहिलं. अप्पा समोर बघत होते. स्वामी म्हणाले, "आता बसले."

पंचा त्यांच्याबरोबरच गेला. माती दिली ती त्या लिंबाखाली, आणि स्वामींनी सांगितलं त्या दिशेला तोंड करून बसवलं, तर त्या दिशेला आमचं ऑफिस येतं. परवा मी कॉम्प्युटर उघडा टाकून चहाला गेलो, परत आलो तर लॉक झालेला. अक्का म्हणाल्या, "मी न्हाई केलं." अप्पांनीच कधीतरी तशी सोय करून ठेवली असेल, आपोआप बंद होण्याची असते तशी. मी तपासून बघितलेलं नाही.

टिचकी मारायला आता कुणी नाही, तरी दर वीस मिनिटांनी आम्ही तिघं तिकडं बघतो. बघण्याआधी मी पाय जमिनीला टेकवतो, पाठ सरळ करतो, पापणी हलवून घेतो. ते होते तेव्हा हे मी धाकाशिवाय, आपणहून एकदाही केलं नाही, आणि आता ते इतक्या लांबून बघतात की त्यांना दिसतं की नाही, कोण जाणे.