नेहमीचंच आणू?

दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी जावईबापू खिडकीजवळच्या टेबलावरचे पावाचे तुकडे फडक्याने झटकत होता. तो ते खाली झटकत होता. तुकडे ट्रेमध्ये गोळा करावेत असं नवीन फर्मान निघालं होतं, पण खाली काय पडलंय हे बघायला कोणी हॉटेलात येत नाही असं त्याचं मत होतं, आणि स्वतःच्या मतांचा तो फार आदर करी.

जावईबापू हे नाव थोरल्या मालकांनी ठेवलेलं. हा माणूस नोकरीला आल्यासारखा वागत नाही, सासुरवाडीला आल्यासारखा वागतो, असं ते एकदा गल्ल्यावर बसून चारचौघांत म्हणाले. थोरले मालक गेले, नाव राहिलं. आता त्याची बायको सोडली तर त्याचं खरं नाव कोणाला आठवत नसे, आणि तीही ते फक्त भांडताना घेई.

गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या त्याच्या दोनच तऱ्हा होत्या. एक "काय?" आणि दुसरी "संपलं." दुसरा शब्द तो जास्त मनापासून उच्चारी. कोणी विचारलं, "सूप गरम आहे ना?" तर तो म्हणे, "सूप आहे." कोणी विचारलं, "आज विशेष काय?" तर म्हणे, "काही नाही." मासा ताजा आहे का, या प्रश्नाला तो उत्तरच देत नसे. भटारखान्याच्या दाराकडे अशा नजरेने बघे की गिऱ्हाईक मुकाट्याने ऑम्लेट मागवी. याला तो सडेतोडपणा म्हणायचा. आळशी माणसाच्या उद्धटपणालाही एखादं बरं नाव लागतं. ते त्याला तरुणपणीच सापडलं होतं आणि त्यावर त्याची सगळी नोकरी निघाली होती.

या हॉटेलात त्याला सर्वांत जास्त तिटकारा होता तो गोडबोल्याचा. गोडबोल्या म्हणजे दरवाजाजवळची टेबलं सांभाळणारा तिशीतला वेटर. त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या बायका ताई होत्या, सगळे टकले साहेब होते आणि सगळी किरकिरी मुलं हुशार होती. भात करपला म्हणून एकाने ताट परत पाठवलं तेव्हा तो म्हणाला होता, "साहेब, तुमच्यासारखी जाणकार जीभ आली की आम्हालाही शिकायला मिळतं." साहेबांनी दुसरा भात खाल्ला, आणि तोही करपलेला होता.

"याच्याशी बोलून आलं की हात धुवावे लागतात," बापू भटारखान्यात म्हणायचा. "चिकट होतात."

"धुवा, बापू," गोडबोल्या हसून म्हणायचा. "तुमचे एरवी धुतले जातात कुठे?"

एवढ्यावर हे वर्षानुवर्षं चाललं असतं. पण धाकट्या मालकांनी वरच्या मजल्यावर नवा हॉल काढला आणि तिथे एक कॅप्टन नेमायचं ठरवलं. कॅप्टनने ट्रे उचलायचा नसतो. तो काळा कोट घालून उभा राहतो, ऑर्डर घेतो आणि इतरांना पळवतो. बापूच्या दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. भरलेला ट्रे घेऊन वळताना आतून सुक्या फांदीसारखा आवाज येई. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं बजावलं होतं, आणि वजन उचलण्याखेरीज दुसरं काम त्याला येत नव्हतं. रोज रात्री बायको त्याच्या गुडघ्यांना तेल चोळे, आणि चोळताना ऐकवी.

"कॅप्टन झालात तर एवढं तेल तरी वाचेल. पण व्हाल कसले? माणसाशी दोन शब्द नीट बोलता येतात का तुम्हाला?"

"खरं बोलतो मी."

"ते मला सांगताय?"

कॅप्टन कोणाला करायचं हे मालकांनी स्वतः ठरवलं नाही. स्वतः ठरवणं हे जुन्या पद्धतीचं झालं असतं. त्यांनी बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आणल्या. बाई करड्या जॅकेटमध्ये येत, पाणीही स्वतःच्या बाटलीतलं पीत, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी चहाचा एक कप कोणापुढे ठेवला असेल असं वाटत नव्हतं. त्यांनी वेटरांना सात वाक्यं दिली. प्रत्येक टेबलावर सातही वाक्यं, त्याच क्रमाने, चेहरा हसरा ठेवून. वाक्याला एक गुण, आणि परीक्षेत ज्याचे गुण जास्त तो कॅप्टन. पहिलं वाक्य होतं, "आमच्या परिवारात आपलं मनापासून स्वागत आहे." ते ऐकून भांडी घासणाऱ्या मावशींनी परिवारातल्या माणसांना रविवारची सुट्टी मिळेल का असं विचारलं. बाईंनी प्रश्नाचं कौतुक केलं आणि उत्तर दिलं नाही.

मेख होती ती तिसऱ्या वाक्यात. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर म्हणायचं, "आपल्याला पुन्हा पाहून आनंद झाला. नेहमीचंच आणू, की आज काही नवीन?"

या धंद्यात लेखी नियम थोडे आणि अलिखित फार. त्यातला पहिला असा, की रोजचं गिऱ्हाईक एकटं आलं तर ते तुमचं. पण कोणाला बरोबर घेऊन आलं तर तुम्ही त्याला जन्मात पाहिलेलं नाही. ओळख त्याने द्यायची. त्याने दिली नाही तर विषय संपला. माणूस हॉटेलात काय खातो, किती खातो आणि घरी काय सांगतो, याची बेरीज करणं हे वेटरचं काम नाही. हा नियम बापूही पाळत आला होता. त्यात त्याचा मोठेपणा काही नव्हता. न बोलणं हे त्याला आपोआप जमे.

आज परीक्षा होती. सकाळी गोडबोल्याने सातपैकी सात गुण घेतले. बाई म्हणाल्या, "फारच नैसर्गिक!" चार वाजत आले तेव्हा मालकांनी बापूला बाजूला घेतलं.

"बापू, तुम्ही सात घेतलेत तर बरोबरी. बरोबरीत जुना माणूस आधी, हा माझा शब्द. सहा झाले तर माझा नाइलाज."

"घेतो सात."

"हसत घ्या."

"हसतो."

"आत्ता हसताय का?"

"हो."

मालकांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ते बाईंच्या शेजारी खांबाजवळच्या टेबलावर जाऊन बसले. कोपऱ्यातलं टेबल तिथून हाताच्या अंतरावर होतं. चारचं गिऱ्हाईक त्याच टेबलावर बसतं, हे बाईंना तीन दुपारी तिथे बसून ठाऊक झालं होतं. म्हणूनच त्यांनी बापूच्या परीक्षेसाठी ते निवडलं होतं.

चारच्या गिऱ्हाइकाला आत सगळे पुडिंगवाले म्हणत. सत्तरी ओलांडलेला, स्वच्छ इस्त्रीचा माणूस. दोन पुडिंग, वर जास्तीचा पाक. खाऊन झालं की तोंड पुसायचं, मिशा पुसायच्या, बोटांचा वास घेऊन बघायचा आणि निघायचं. इतकी वर्षं बापू त्यांच्यापुढे दोन बश्या आदळत आला होता आणि दोघांत "काय?" एवढंही बोलणं होत नसे.

आज पुडिंगवाले आले ते मुलीबरोबर. मुलीच्या एका हातात वडिलांचा दंड होता आणि दुसऱ्यात औषधांच्या दुकानाची पिशवी. बाहेर ऊन होतं, वडिलांना चक्कर आल्यासारखं झालं होतं, आणि समोर दिसलेल्या पहिल्या हॉटेलात ती त्यांना घेऊन शिरली होती. पुडिंगवाल्यांनी अशा काही चेहऱ्याने हॉटेल न्याहाळलं की जणू खिडक्या कुठल्या बाजूला आहेत हेही त्यांना नवीन होतं. मुलीने सावलीतलं टेबल म्हणून कोपऱ्यातलंच निवडलं. दरवाजाजवळ उभ्या असलेल्या गोडबोल्याने त्यांना अनोळखी माणसासारखी वाट करून दिली आणि बापूच्या बाजूने जाताना ओठ न हलवता म्हटलं, "बापू, ओळख नाही हं."

"मला शिकवू नकोस."

खांबाजवळ बाईंनी पेन उघडलं.

बापू टेबलाशी गेला. पहिलं वाक्य त्याने आरोपपत्र वाचून दाखवावं तसं म्हटलं. दुसरं, "आज मी आपला यजमान," हे म्हणताना त्याने चेहऱ्यावर काहीतरी आणलं. मुलीने खुर्ची थोडी मागे घेतली. मग तो थांबला. गप्प राहिलं तर सहा. सहा म्हणजे गोडबोल्या काळ्या कोटात उभा आणि आपण त्याच्या इशाऱ्यावर ट्रे घेऊन जिना चढतोय. पुडिंगवाले टेबलक्लॉथवरच्या चौकटी मोजत होते.

"आपल्याला पुन्हा पाहून आनंद झाला," बापू म्हणाला. "नेहमीचंच आणू, की आज काही नवीन?"

"नेहमीचंच?" मुलगी म्हणाली. "बाबा, तुम्ही इथे येता?"

"छे. म्हणजे, एकदा… पाणी प्यायला."

मुलगी बापूकडे वळली. "काय असतं हो यांचं नेहमीचं?"

गुण मिळाला होता. बाईंचं पेन हललं होतं. आता "सूप" म्हणायला काहीही लागत नव्हतं. गोडबोल्याने तिथल्या तिथे सूप म्हटलं असतं, वर कोथिंबीरही पेरली असती. पण खोटं बोलायलाही थोडा सराव लागतो. आयुष्यभर गोड बोलण्याला नाक मुरडलेल्या माणसाकडे गरजेपुरतं एक खोटंही शिल्लक नव्हतं. त्याला प्रश्न विचारला गेला आणि त्याने उत्तर दिलं.

"पुडिंग."

मुलीने औषधांची पिशवी टेबलावर ठेवली.

गोडबोल्या पाण्याचा जग घेऊन कुठून उगवला ते कळलं नाही. "ताई, माफ करा हं. बापूंचं वय झालं, टेबलांची गल्लत होते. पुडिंगवाले साहेब वेगळे, ते चष्मा लावतात. हे साहेब आपल्याकडे पहिल्यांदाच येतायत. बसा साहेब, पंखा वाढवू?"

खोटं उत्तम होतं. चष्म्याची तर कमालच होती. मुलीचा चेहरा सैल झाला, पुडिंगवाल्यांनी मान वर केली. सगळं तिथेच मिटत होतं. बापूने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि ते एक काम त्याला उत्तम येतं अशी आजवर सर्वांची समजूत होती.

पण वय झालं, हे शब्द त्याला लागले होते. गल्लत, ती बापूची? तीही या चिकट पोराच्या तोंडून, मालकांच्या देखत?

"माझी काही गल्लत नाही," बापू म्हणाला. "रोज चार वाजता. दोन बश्या. वर जास्तीचा पाक. जाताना मिशा पुसतात."

त्यानंतर मुलीने वडिलांकडे ज्या नजरेने पाहिलं तीही बापूने परीक्षेचाच भाग मानली. मुलीने साधं सूप मागवलं. "उत्तम निवड," बापू म्हणाला, हे चौथं. पुडिंगवाल्यांच्या तोंडात चमचा असताना त्याने विचारलं, "सगळं मनासारखं आहे ना?" हे पाचवं. सूप संपल्यावर तो पुन्हा हजर झाला.

"शेवट गोड करू या का?"

"तुम्ही माणूस आहात का कोण?" मुलगी म्हणाली.

उत्तरासाठी वाक्य नेमलेलं नव्हतं, म्हणून बापूने दिलं नाही. मुलगी वडिलांना उठवून दाराकडे निघाली, तेव्हा सातवं राहिलं होतं. तो फरफटत त्यांच्या मागे गेला. दर पावलाला गुडघा वाजत होता.

"पुढच्या वेळी घरच्या मंडळींनाही घेऊन या."

पुडिंगवाले उंबऱ्यावर थांबले. मुलगी पुढे रिक्षा बघत होती.

"बापू," ते म्हणाले, "इतकी वर्षं तुमच्या तोंडून धड शब्द निघाला नाही, म्हणून तर मी इथे येत होतो."

साडेपाचला निकाल लागला. बापूला सातपैकी सात. चेहऱ्याबद्दल शेरा होता, पण बाईंच्या पद्धतीत शेऱ्याचे गुण कापत नसत. गोडबोल्याने गिऱ्हाइकासमोर सहकाऱ्याला खोटं पाडलं आणि परिवाराची प्रतिमा मलिन केली म्हणून त्याचा सकाळचा एक गुण गेला. बरोबरीचीसुद्धा वेळ आली नाही. गोडबोल्याने बापूचं अभिनंदन केलं, हात पुढे केला.

"चिकट नाहीये, बापू. धुतलाय."

बापूने हात हातात घेतला नाही. मुद्दाम नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच वेळी मालकांनी त्याला कोट दिला आणि दोन्ही हात गुंतले. कोट खांद्यांत घट्ट होता, तो गोडबोल्याच्या मापाने शिवला होता.

"आणि बापू, एक गोष्ट," धाकटे मालक म्हणाले. "ताटं वर चढवायचा पाळणा यायला उशीर आहे. पोरं हातानेच वर आणतील, त्याची काळजी तुम्हाला नको. फक्त ऑर्डर तेवढी खाली येऊन सांगत जा."

"वरून हाक मारतो की. भटारखान्यात ऐकू जातं."

"ओरडायचं नाही," बाई बाटलीचं झाकण लावत म्हणाल्या. "परिवारात कोणी ओरडत नाही. प्रत्येक टेबलाची ऑर्डर कॅप्टन स्वतः खाली नेऊन देईल. हसऱ्या चेहऱ्याने."

बापूने जिन्याकडे पाहिलं. जिना अरुंद होता, दगडी होता, आणि कठडा एकाच बाजूला होता.

वरच्या हॉलमध्ये बारा टेबलं आहेत. हॉल उद्या सकाळी अकरा वाजता उघडतो. भटारखाना तळमजल्यावर, मागच्या बाजूला आहे.